फोटोत काय हाय ते सांग

मी वेबसाइट करायला शिकले ती लग्नपत्रिकांच्या दुकानात. हसू नका, नव्वदचं दशक संपत आलं तेव्हा सांगलीत असंच चालायचं. ज्याच्याकडं दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर आणि एक चिडका प्रिंटर तो डीटीपीवाला, आणि ज्या दिवशी त्याच्या टेबलावर मोडेम आला त्या दिवसापासून तोच वेबसाइटवाला. आमच्या मालकांनी तर दुकानाच्या पाटीवर खाली उरलेल्या जागेत "इंटरनेटची कामे करून मिळतील" असं रंगवूनसुद्धा घेतलं. आता ती कामं करायची कुणी? अर्थात मी.

मी मूळची उंब्रजची. वस्तीतल्या विहारात बसून अभ्यास केला, कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि सांगलीत मावशीकडं राहून नोकरीला लागले. पत्रिकांवर माझा हात चांगला बसला होता. त्या धंद्यातली एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही. आमचे मराठी फाँट आमच्याच मशीनवर दिसायचे. दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर तीच पत्रिका उघडली की चि. सौ. कां.च्या जागी नुसते कंस, टिंबं आणि इंग्रजी अक्षरांचा कचरा. म्हणून आम्ही अख्ख्या पत्रिकेचं चित्रच करून पाठवायचो. वेबसाइट आल्यावरही आम्ही तेच केलं. महिरप, सोनेरी किनार, वळणदार अक्षरं, सगळ्याचं मिळून एक चित्र. इंग्रजी मजकूर असला तरी त्याचंही चित्रच, कारण साध्या अक्षरांना शोभा नाही असं मालकांचं मत होतं. पाहुण्यानं पत्रिका बघायची, तसं जगानं आमचं पान बघायचं. बघण्यावाचून त्याचं दुसरं काही करता येतं, हे आमच्या डोक्यातच नव्हतं.

अशात मार्केट यार्डातल्या एका हळदीच्या पेढीचं काम आलं. पहिल्या दिवशी पेढीत पाऊल टाकलं आणि शिंकांनी जीव नकोसा झाला. माझ्या पांढऱ्या ओढणीची पार हळदीची ओढणी झाली. समोर गादीवर पेढीचे मालक बसलेले. साठी ओलांडलेले, जैन घरातले, स्वच्छ धोतर, डोक्यावर टोपी. मी त्यांना पहिल्या दिवसापासून काका म्हणायला लागले. ते हळकुंड कानाशी धरून मोडायचे, मोडलेली बाजू अंगठ्यानं चोळायचे, नाकाशी न्यायचे आणि माल कुठला, कसा वाळवलेला, सगळं सांगून मोकळे व्हायचे. यार्डात लिलाव आता उघड होत होते, पण जुनी माणसं आपसात अजून रुमालाखाली हात घालून भाव ठरवायची. वर दोघांचे चेहरे मख्ख आणि खाली बोटांची बोलाचाली. मला तर तो खेळच वाटला. मी चहा हातात घेऊन बघत बसले. मग माझ्या ध्यानात आलं की काका समोरच्याच्या तोंडाकडं बघतच नव्हते. त्यांची नजर जरा बाजूला, पोत्यांवर कुठंतरी लागलेली.

काकांच्या डोळ्यांत काचबिंदू होता. एक डोळा गेलेला, दुसऱ्यात उजेड-अंधार तेवढा कळायचा. हे घरात माहीत होतं, पेढीवरच्या दिवाणजींना आणि हमालांना माहीत होतं, बाजाराला माहीत नव्हतं. हमाल "मालक, पायरी" असं सहज बोलल्यासारखं बोलायचे आणि काका पायरी उतरायचे. रुमालाखाली तर डोळ्यांचं कामच नसतं. त्यामुळं गाडा चालला होता.

वेबसाइटची हौस त्यांच्या थोरल्या मुलाला. तिशीतला, कॉमर्स शिकलेला, पुण्याला राहून आलेला. मी त्याला दादा म्हणायची. तो मला म्हणाला, "रुमाल यार्डात चालतोय गं. दिल्लीचा माणूस काय रुमालाखाली हात घालायला सांगलीला येणार हाय व्हय?" खरंच होतं त्याचं. मी पान केलं. आजही सांगते, दिसायला लय देखणं झालं होतं. हळदीच्या रंगाची किनार, मधे पेढीचं नाव, खाली एकेका मालाचं चित्र, चित्रावर माऊस नेला की ते उमलायचं आणि आतली यादी बाहेर यायची. आमच्या मालकांनी ते शेजारच्या झेरॉक्सवाल्यालाही बोलावून दाखवलं.

पान चाललं. दिल्लीहून, मद्रासहून, एकदा तर दुबईहून चौकशी आली. ती पेढीवरच्या कॉम्प्युटरवर यायची आणि दादा वाचून दाखवायचा. आधी सगळी वाचून दाखवायचा, मग थोडक्यात सांगायला लागला. काका मला एकदा म्हणाले, "आधी मला इचारून उत्तर जायचं. आता उत्तर गेलं की मला सांगत्यात." तक्रारीचा सूर नव्हता, पण मला वाईट वाटलं. घरातल्या माणसाला हळूच ताटावरनं उठवावं तसं चाललं होतं ते.

त्या उन्हाळ्यात काकांची भाची मुंबईहून सुट्टीला आली. ती बँकेत होती. तिच्या शाखेत एक अंध कर्मचारी होता आणि तो कॉम्प्युटरवर बोलणारा प्रोग्राम वापरायचा. पडद्यावर जे लिहिलं असेल ते तो प्रोग्राम मोठ्यानं वाचायचा, इंग्रजीत, परदेशी बाईच्या आवाजात. तिनं त्याची नमुन्याची सीडी आणली आणि मामांना शिकवलं. काकांना जड गेलं नाही. तरुणपणी त्यांनी इंग्रजी टायपिंगची परीक्षा दिली होती, बोटांना अक्षरांच्या जागा पाठ होत्या. माऊसचा तर उपयोगच नव्हता, बाण कुठं गेला हे दिसायला नको का? टॅब नावाचं बटण दाबत एकेका जागेवर जायचं आणि बाई काय म्हणते ते ऐकायचं. महिन्याभरात काका आलेली पत्रं आपली आपण ऐकायला लागले.

आणि मग मला बोलावणं आलं. मी गेले ती शाबासकी मिळणार म्हणून. काकांनी खुर्चीवर बसवलं आणि म्हणाले, "पोरी, तुझं पान मुकं हाय."

"मुकं म्हणजे?"

त्यांनी टॅब दाबला. बाई म्हणाली, "ग्राफिक." पुन्हा दाबला. "लिंक. ग्राफिक." मग कुठल्यातरी फाइलीचं नाव, आकडे, तिरक्या रेघा. पुन्हा "ग्राफिक". माझ्या सगळ्या महिरपीतनं, किनारीतनं बाईला एक शब्द सापडेना. पेढीचं नावसुद्धा नाही! आणि जी चित्रं माऊस नेल्यावर उमलायची, ती टॅबला दादच देत नव्हती.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एवढी राबून केलेली वस्तू, आणि हे म्हणतात मुकी! मी फाडकन बोलून गेले, "आवं काका, ते बघायचं असतंय!"

बोलले आणि जीभ चावली. दिवाणजी तर वहीत तोंड घालून बसले. काका मात्र खो खो हसले. "बघायचं आसतंय व्हय? मग माझ्या वाटणीचं कुठं ठिवलंयस ते दे."

मी दुकानात आले आणि पान मोडायला घेतलं. चित्रातला इंग्रजी मजकूर काढून साधा टाइप केला. मथळे मथळ्यासारखे केले, म्हणजे बाई त्यांना मथळा म्हणेल. चौकशीच्या पानावर नुसते रिकामे चौकोन होते, त्या प्रत्येक चौकोनाला इथं नाव, इथं गाव, असं नाव जोडलं. माऊसनं उमलणारी चित्रं काढली आणि सरळ ओळीत दुवे दिले. पुस्तकं नव्हती, विचारायला कुणी नव्हतं. इंटरनेटवर शोधता शोधता इतर देशांतल्या लोकांनी लिहिलेल्या सूचना सापडल्या. त्यांत पहिलीच सूचना, चित्राच्या मागं त्याचं वर्णन लिहा म्हणून. चित्राला तशी एक जागाच असते, ऑल्ट म्हणतात तिला. पडद्यावर ते वर्णन दिसत नाही, चित्र दिसलं नाही तरच ते पुढं येतं. मी आजवर ती जागा रिकामीच सोडत आले होते, गावातले सगळेच सोडायचे.

आमचे मालक कपाळाला हात लावून म्हणाले, "आगं बाई, पत्रिकेची पार नोटीस केलीस की!"

"नोटीस तर नोटीस," मी म्हटलं, "निदान वाचता तरी येतीय."

थोडं केलं की मी पेढीवर जायची आणि काका टॅब दाबून बघायचे. कुठं अडकलं की "हितं भिंत हाय," म्हणायचे. मग मी दुकानात जाऊन ती भिंत पाडायची. तो प्रोग्राम नमुन्याचा असल्यानं थोड्या वेळानं आपोआप गप्प व्हायचा आणि कॉम्प्युटर बंद करून परत लावावा लागायचा. बाई गप्प झाली की काका आतल्या माणसाला हाक मारायचे, "बाईचा घसा बसला रं, चहा सांग." असे किती चहा झाले त्याला गणती नाही. मला त्या माणसाचा लळा लागला. मला घरनं पत्र आलं का, मावशीचे गुडघे कसे आहेत, सगळी विचारपूस चहाबरोबर व्हायची.

दादालाही नवं पान पटलं, वेगळ्या कारणानं. चित्रं गेल्यामुळं ते चटकन उघडायचं. दिल्लीच्या एका व्यापाऱ्याला आधी चाचणीचं पान उघडायला लावलं, त्यानंही फोनवर तसंच सांगितलं. दादा खूश होऊन म्हणाला, "एक फोटो तेवढा राहू दे. पेढीला चेहरा पायजे." आणि त्यानं जुन्या अल्बममधला एक फोटो आणून दिला. काका हळदीच्या ढिगाशी बसलेत, बाजूला माणसं. मी तो स्कॅन केला, पानावर बसवला आणि दादाला विचारलं, "ह्याच्या मागं काय लिवू?"

"मागं कशाला? फोटो दिसतोयच की."

"काकांना दिसत न्हाई. बाईनं काय वाचायचं ते लिवावं लागतंय."

दादानं क्षणभर विचार केला आणि इंग्रजीतनं सांगितलं, "लिव. फाउंडर, नाऊ रिटायर्ड."

"काका रिटायर झाले?"

"येत्या दिवाळी पाडव्यापासनं." त्यानं आवाज खाली घेतला. "परवा यार्डात टेम्पो मागं येत होता. मी ओढलं म्हणून वाचले. आता घरात बसलेलं बरं. त्यांना सांगायचंय अजून, सांगीन सावकाश. तू लिवून ठेव. ते कुठं कुणाला दिसतंय?"

"दिसत न्हाई, दादा," मी म्हटलं. "ऐकू येतंय. आणि ऐकणारं माणूस सध्या एकच हाय."

दादाचा चेहरा पडला. तो वाईट माणूस नव्हता हो. त्याला बापाचा जीव हवा होता आणि बापाशी बोलायची हिंमत होत नव्हती. पण म्हणून ते काम माझ्या गळ्यात? मी सरळ सांगितलं, आधी तुम्ही काकांना सांगा, मग मी लिहीन. मशीनच्या तोंडनं असली गोष्ट कुणी कुणाला सांगतं का!

दादा चिडला. त्यानं आमच्या मालकांना फोन केला, काम पुण्याला देतो म्हणाला. मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. ते मला समजवायला लागले, "गिऱ्हाइकानं सांगितलं ते छापायचं आणि मोकळं व्हायचं. आपण काय पत्रिकेतल्या मजकुराला आडवं येतो व्हय?"

"जित्या नवऱ्याला कैलासवासी लिवा म्हटलं तर लिवाल का?"

मालकांनी हातातला कागद खाली ठेवला. मग म्हणाले, "तू आपली सकाळी चहा पिऊन ये जा, डोकं थंड राहील." पण पुन्हा त्या विषयावर बोलले नाहीत.

दादानं काम पुण्याला दिलं नाही, पण काकांना सांगितलंही नाही; पान चढवायचा दिवस आला तरी फोटोमागची जागा रिकामीच होती. खोटं लिहायचं माझ्या मनात नव्हतं आणि ते खरं लिहायला माझा हात होत नव्हता. दुपारची वेळ, यार्डात जेवणाची सामसूम. पेढीत काका, दादा, मी आणि दिवाणजी. काकांनी पान उघडलं आणि टॅब दाबायला सुरुवात केली. बाईनं पेढीचं नाव घेतलं. काकांनी मान हलवली. मालाची यादी वाचली, पत्ता वाचला, चौकशीच्या एकेका चौकोनाचं नाव सांगितलं. काकांनी मधेच थांबून दिवाणजींना म्हटलं, "ऐकलं का? समदं सांगतीय!" इतके खूश दिसत होते की मला रडूच येईल असं वाटलं. मग पेढीच्या माहितीचं पान आलं आणि बाई म्हणाली, "ग्राफिक. फोटो वन."

काकांचं बोट थांबलं. "हे काय गं?"

"फोटो हाय, काका."

"कशाचा? लिवलं न्हाईस का?"

मी दादाकडं बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता, नजर जमिनीला. मी म्हटलं, "दादांना इचारलंय. ते सांगतील."

आता हा खोटं बोलला तर? आणि खरं बोलला तर? दादा उभा होता तिकडं काकांनी अंदाजानं मान वळवली. "काय रं, काय सांगितलं व्हतंस हिला?"

दादा पाय बदलत उभा राहिला. शेवटी म्हणाला, "अप्पा, तुमी आता घरी बसलाय, असं लिव म्हणून सांगितलं होतं."

दिवाणजींची लेखणी थांबली. काकांच्या चेहऱ्यावर मघाचं हसू तसंच राहिलं होतं, ते आता काढावं कसं हे त्यांना कळेना. मला दादाचा राग आला, स्वतःचा आला, त्या बोलक्या बाईचाही आला. पान मुकं होतं तेच बरं होतं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

काका म्हणाले, "आन फोटोत तसं हाय?"

"न्हाई."

"मग काय हाय?"

दादा पुढं आला. पडद्यापाशी वाकला. तो फोटो त्यानंच आणलेला, पण मला वाटतं त्यानं तो नीट बघितला त्याच वेळी. "तुमी बसलाय. जुन्या वखारीत. म्होरं ढीग हाय हळदीचा."

"नुसता बसलोय?"

"न्हाई. हळकुंड मोडलंय. एक तुकडा कानाशी हाय." त्यानं पडद्यावर बोट ठेवलं. "टोपी जरा तिरकी झालीय."

"आनखी कोण हाय?"

"हमाल हायेत दोघं. आन मी हाय, मागं. कॉलेजात असताना आलो होतो तवाचा."

"तू काय करतोयस?"

मी पडद्याकडं बघितलं. ढिगामागं एक काटकुळा तरुण, हातात पोत्याचं तोंड धरून, मान पुढं काढून उभा होता. मी तो फोटो स्कॅन केला, डाग पुसले, कडा कापल्या, पण त्या पोराच्या तोंडाकडं बघितलंच नव्हतं.

"तुमच्याकडं बघतोय," दादा म्हणाला.

"कशापायी?"

"तुमी काय म्हणताय त्याची वाट बघतोय, अप्पा. माल घ्यायचा का न्हाई त्याची." एवढं बोलून त्यानं तोंड फिरवलं.

काकांनी हात पुढं केला. दादाचा दंड सापडला, तो त्यांनी धरला. मग माझ्या दिशेनं म्हणाले, "पोरी, फोटोत हाय तेवढं लिव."

मी कळफलक ओढला. डोळ्यांपुढं पाणी आल्यामुळं अक्षरं धूसर झाली होती. इंग्रजीत लिहिलं, जुन्या वखारीत बसलेले पेढीचे मालक, हळकुंड मोडून कानाशी धरून पारखतायत. आणि ते साठवायला निघाले.

"थांब," दादा म्हणाला. "माझं राहिलं."

"तुमचं काय?"

"मी मागं उभा हाय आन वाट बघतोय, ते. तेबी घाल."

मी तेही लिहिलं.